गुरुवारचे कमाल उष्णतामान

कायझर्सलाउटर्न या जर्मन शहराचे उष्णतामान मी दर गुरुवारी वाढवीत असे. हे विधान मी अहंकाराने करीत नाही. आयुष्यभर वाईच्या शाळेत संस्कृत शिकवले आणि संध्या कधी चुकवली नाही. अहंकार त्याज्य आहे एवढे मला निश्चित ठाऊक आहे. परंतु या गोष्टीला यांत्रिक पुरावा आहे, तो पुरावा एका विद्यापीठाने तपासलेला आहे आणि त्यापायी आमची सून डॉक्टर होता होता राहणार होती. नम्रतेपोटी तरी माणसाने किती नाकारावे!

दोन हजार सालानंतरची ही हकीकत आहे. तेव्हा खिशातला फोन केवळ बोलण्याच्या उपयोगाचा होता आणि घरात एकच संगणक असे. आमचा मुलगा श्रीरंग तेथे संगणकाच्या नोकरीत होता आणि सून मृणाल तंत्रविद्यापीठात संशोधन करीत होती. आम्ही उभयता तीन महिन्यांसाठी त्यांच्याकडे गेलो होतो. पहिल्याच दिवशी जेवताना मी कौतुकाने विचारले, "मृणाल, तुझा प्रबंध कोणत्या विषयावर आहे?"

"शहराच्या रोजच्या कमाल टेंपरेचरवर, अण्णा. म्हणजे, त्याच्या बाजारावर."

"उष्णतामानाचा बाजार?"

"हो. उद्या पारा कुठवर चढेल यावर लोक शेअर घेतात."

माझ्या हातातला घास हातातच राहिला. "म्हणजे पैज?"

"आल्झो... म्हणजे, तशी पैजच म्हणायची, पण..."

"द्यूत!" मी म्हणालो.

"अहो, जेवताना कसलं द्यूत!" सौ. म्हणाली. "आमटी निवतेय."

मृणाल मात्र हसली. तिच्या ठायी मोठे धैर्य आहे. पाच मिनिटांत सासऱ्याला समजावू शकणारी सून मी अन्यत्र पाहिलेली नाही. "अण्णा, यात एक सेंटसुद्धा नाही. सगळ्यांना सुरुवातीला सारखे पॉइंट देतो. समजा, 'उद्याचा कमाल आकडा बारा ते चौदा' असा एक शेअर आहे. खरा ठरला तर त्याचे शंभर पॉइंट मिळतात, नाहीतर शून्य. तुम्हाला खात्री वाटत असेल तर तुम्ही तो सत्तरलाही घ्याल. मला वाटत नसेल तर मी वीसलाही घेणार नाही. त्या दिवशी सकाळी दहाला बाजार बंद होतो. तेव्हा जो भाव असेल, तो म्हणजे सगळ्या गावाचं मिळून एक भाकीत."

"आणि हे लोक हवामानतज्ज्ञ आहेत का?"

"छे! तज्ज्ञ नकोतच. विद्यार्थी, कारकून, बस चालवणारे, कँटीनमधल्या बायका. कुणी सकाळी सायकलवर असताना हातमोजे घातलेत, कुणाचा गुडघा दुखतोय, कुणी बागेत दव बघितलंय. प्रत्येकाला थोडं थोडं ठाऊक असतं. बाजार ते गोळा करतो."

मी थक्क झालो. कोणा एकाला सत्य ठाऊक नाही, परंतु सर्वांच्या अंशमात्र ज्ञानातून ते प्रकट होते! हा विचार वाईच्या घाटावर कोणी शास्त्रीबोवांनी मांडला असता, तर मी त्यांच्या पायांवर डोके ठेवले असते. तो एका जर्मन विद्यापीठात, कँटीनमधल्या बायकांच्या साहाय्याने चालला होता! माझा आक्षेप मी तत्क्षणी मागे घेतला. (आमटी निवली होतीच.)

रात्री श्रीरंगाने हळूच सांगितले ते मात्र काळजीचे होते. मृणालचे मार्गदर्शक प्राध्यापक होल्त्सर यांचा या बाजारावर विश्वास नव्हता. त्यांचे स्वतःचे एक गणिती सूत्र होते. मागील दिवसांचे आकडे घातले की ते उद्याचा आकडा सांगे. नाताळाच्या सुट्टीपूर्वी दोहोंची तुलना व्हायची होती. लोकांचा बाजार सूत्राहून सरस ठरला तर मृणालची नेमणूक पुढे चालणार होती. नाहीतर संशोधन तेथेच थांबवून तिने वोल्फ्सबुर्गच्या मोटार कारखान्यात नोकरी पाहावी, असे प्राध्यापकांनी अत्यंत सौजन्याने सुचविले होते.

"चार वर्षं घातलीत तिनं यात," श्रीरंग म्हणाला. "तुमच्यासमोर हसते. पण झोप नाही तिला."

मी देवाला नमस्कार करून पडलो. झोप मलाही आली नाही.

आता त्या पेटीविषयी सांगणे आवश्यक आहे. शहराचा आकडा मोजण्याचे यंत्र कोठे ठेवावे, हा प्रश्न निघाला तेव्हा रस्त्यापासून आणि धुराड्यांपासून दूर अशी जागा हवी होती. ती मुलांच्या घरमालकीणबाईंच्या मागच्या बागेत मिळाली. फ्राऊ केलर या निवृत्त शिक्षिका, सत्तरीच्या पुढच्या, काठीसारख्या ताठ. बागेच्या मध्यभागी चार पायांवर एक पांढरीशुभ्र लाकडी पेटी उभी होती. तिच्या चारी भिंती तिरप्या झडपांच्या. हवा आत जाई, ऊन आणि वारा मात्र सरळ शिरत नसे. तिला उत्तरेकडे एक लहानसे दार होते. आत काचेची नळी आडवी बसविलेली होती. आपल्या ताप मोजण्याच्या नळीसारखीच तिची रीत. पारा चढला की चढलेल्या ठिकाणीच राही. फ्राऊ केलर रोज संध्याकाळी सहाच्या ठोक्याला येत, किंचित वाकून दार उघडत, क्षणभर श्वास रोखून आत पाहत, नळी झटकून पारा खाली आणीत, दार हलक्या हाताने लावीत आणि आकडा मृणालला फोनवरून कळवीत. पाऊस असो, वारा असो, बाईंचे सहा कधी सव्वासहा झाले नाहीत. देवपूजेतही इतका नेम मी भल्याभल्यांचा पाहिलेला नाही. त्यांना खिडकीतून पाहताना माझे हात आपोआप जोडले जात.

"अहो, कुणाला नमस्कार करताय?" सौ. विचारी.

"नेमाला," मी म्हणे.

अशा मनःस्थितीत खंडेनवमी आली. त्या दिवशी आपल्याकडे उपजीविकेच्या साधनांची पूजा करतात, हे मी वाचकांना सांगायला नको. वाईला आमच्याकडे विळी, अडकित्ता, शिवणयंत्र आणि माझी सायकल यांना फुले वाहिली जात. येथे श्रीरंगाच्या संगणकाला मी हळदकुंकू लावले. (ते कळफलकाच्या फटींत गेल्याने त्याला पुढे आठवडाभर अनुस्वारावाचून पत्रव्यवहार करावा लागला, असे तो म्हणतो. तो जर्मन भाषेत पत्रव्यवहार करीत असल्यामुळे मला हे पटलेले नाही.) मग मी मृणालला विचारले, "तुझे साधन कोणते, बाळ?"

"माझं कसलं आलंय साधन!" ती बूट चढवीत म्हणाली. "ती बागेतली पेटीच काय ती."

एवढे पुरेसे होते. दोघेही कामाला गेल्यावर माध्यान्हीच्या सुमारास मी तबक घेऊन बागेत उतरलो. हळदकुंकू, एक शेवंती, खडीसाखर आणि निरांजन. तूप सौ.ने तेथल्या लोण्याचे कढविलेले होते. इतके रवाळ तूप आम्हाला वाईलाही मिळत नाही, हे मान्य केले पाहिजे. पेटीसमोर निरांजन लावले. वाऱ्याने विझविले. पुन्हा लावले. पुन्हा विझले. सुनेच्या भवितव्यासाठी लावलेला दिवा असा विझणे कोणाला बरे वाटेल? मी व्याकुळ होऊन इकडेतिकडे पाहिले, आणि माझी दृष्टी त्या झडपांवर गेली.

वारा आत येत नाही. हवा मात्र खेळती राहते! निरांजनासाठी याहून योग्य स्थान त्रिभुवनात नव्हते. (दार उत्तरेला होते, ते पूर्वेला असायला हवे होते, पण परदेशात एवढे चालवून घ्यावे लागते.) मी निरांजन आत, नळीखालच्या फळीवर, अगदी कोपऱ्यात ठेवले. ज्योत निश्चल झाली. मला भरून आले. तेथल्या तेथे मी संकल्प सोडला की निकाल लागेपर्यंत दर गुरुवारी या यंत्रासमोर एक फुलवात आणि एकादशीला पाच फुलवाती लावीन. वात शांत झाल्यावर निरांजन काढून घेतले, नळी आणि फळी धोतराच्या सोग्याने पुसली आणि निर्माल्य तुळशीच्या कुंडीत टाकले. यंत्राचे पावित्र्य कणभरही बिघडू दिले नाही.

संकल्प कार्यसिद्धीपूर्वी बोलून दाखवू नये, म्हणून मुलांना काही सांगितले नाही. सौ.ला मात्र सांगावे लागले, कारण वाती वळणारी ती. तिला मी एवढेच म्हणालो, "पेटीची पूजा करतो. मृणालसाठी." दिवा आत ठेवतो हे सांगण्याचे मला सुचले नाही. देवापुढे दिवा कोठे ठेवता, असे कोणी विचारीत नाही आणि कोणी सांगतही नाही.

पहिल्या गुरुवारी संध्याकाळी मृणालचा चेहरा पडलेला होता. "बाजारानं बारा म्हटलं होतं. फ्राऊ केलरचा आकडा सोळा! इतका कसा चुकला?"

"होते असे कधी कधी," मी म्हणालो आणि पुढच्या वेळी अधिक एकाग्र चित्ताने पूजा करण्याचा निश्चय केला.

त्यानंतरच्या एकादशीला पाच वाती होत्या. त्या संध्याकाळी फ्राऊ केलर फोन न करता प्रत्यक्षच वर आल्या. त्या उत्तेजित झाल्या होत्या. म्हणजे त्यांची एक भुवई वर गेली होती. "एकवीस!" त्या म्हणाल्या. "ऑक्टोबरात! मी बागेत लोकरीचा कोट घालून काम करत होते, आणि एकवीस! हा फोएन असणार." (फोएन म्हणजे आल्प्सकडून उतरणारा उष्ण वारा, असे मृणालने मला समजाविले. तो इतक्या उत्तरेपर्यंत कधी येत नाही, असेही तिने समजाविले.) जाता जाता बाई सौ.कडे वळून म्हणाल्या, "तुमच्या स्वयंपाकाचा सुगंध थेट पेटीपर्यंत येतो. वुंडरबार!" सौ. लाजली. तिला वाटले, शेपूच्या भाजीची स्तुती चालली आहे.

एरवीच्या दिवशी बाजार उत्तम चाले. पण गुरुवार आला की विपरीत घडे. सारे गाव हातमोजे घाली, आणि आमच्या बागेत वसंत फुले! प्राध्यापकांचे सूत्रही गुरुवारी तोंडावर पडे; परंतु ते प्राध्यापकांचे असल्यामुळे त्याला कोणी वोल्फ्सबुर्गला जायला सांगत नव्हते. मृणालच्या डोळ्यांखाली काळे आले. मी एकादशीच्या पाच वातींच्या सात केल्या.

आणि मग चमत्कार घडला. एका गुरुवारी मृणाल घरी आली ती धावतच. "अण्णा! आज बाजार बरोबर आला! कुणीतरी सकाळीच वरचे शेअर घ्यायला लागलं. सगळे दहा-अकराच्या मागे, आणि हा एकटा पंधरा-सोळाचे घेतोय! क्रमांक एकेचाळीस!"

"कोण हा?"

"ते कुणालाच माहीत नाही. सगळ्यांना फक्त क्रमांक दिलेत. नावांची यादी प्राध्यापकांच्या सेक्रेटरीकडे सीलबंद असते, मीसुद्धा बघायची नाही असा नियम."

पुढच्या एकादशीला क्रमांक एकेचाळीसने आपले सर्वच्या सर्व पॉइंट वरच्या टोकाला लावले आणि तो (अथवा ती) पुन्हा खरा ठरला. आता इतरही लोक जागे झाले. एकेचाळीसने घेतले की कँटीनमधल्या बायका घेत, बसचालक घेत, मग विद्यार्थी घेत. आकाशात ढग, झाडांवर पान नाही, आणि बाजार छातीठोकपणे सांगतो आहे की आज अठरा! संध्याकाळी फ्राऊ केलर वाकून पाहत, आणि पारा अठरावर! ज्यांनी एकादशी हा शब्द जन्मात ऐकला नाही अशा माणसांना आज एकादशी आहे हे कळत होते! पंचांग केवळ माझ्या खिशात होते. मला रोमांच उभे राहत. अर्थात त्या वेळी मला इतकेच वाटत होते की माझ्या संकल्पाला फळ येऊन ईश्वराने मृणालच्या साहाय्यार्थ एकेचाळीस क्रमांकाच्या रूपाने कोणी द्रष्टा पाठविला आहे.

"तुला काय वाटते?" मी सौ.ला विचारले. ती श्रीरंगाच्या संगणकासमोर बसून होती. ती अलीकडे सकाळी तेथे बसून बहिणीची पत्रे वाचत असे, असा माझा समज होता.

"कशाबद्दल?"

"हा एकेचाळीस कोण असेल?"

"असेल कुणीतरी श्रद्धाळू," ती मान न वळविता म्हणाली. "अहो, चष्म्याचं घर द्या माझं."

इकडे प्राध्यापक होल्त्सर अस्वस्थ झाले होते. त्यांनी आलेख काढला, तो मृणालने घरी आणून दाखविला. समुद्राच्या सपाट पाण्यावर दर आठवड्याला एक लाट आणि दर पंधरवड्याला एक मोठी लाट. साप्ताहिक लाटेचे कारण त्यांच्या मते वाहनांची गर्दी किंवा कारखान्यांची भट्टी असावे. पण पंधरवड्याची लाट त्यांना उलगडेना. फ्राऊ केलर त्यांना फोनवर म्हणाल्या, "हेर प्रोफेसोर, तारखा पाहा. हा चंद्र आहे."

प्राध्यापकांना हा अपमान वाटला. चंद्राने हवा तापविल्याचे त्यांच्या शास्त्रात कोठेही नव्हते. तेव्हा, कोणालाही न कळविता, पुढच्या गुरुवारी दुपारी स्वतः येऊन पेटी पाहायची असे त्यांनी ठरविले.

त्या गुरुवारी मी नेहमीप्रमाणे निरांजन आत ठेवले, दार लोटले, डोळे मिटले आणि जपास बसलो; म्हणजे उभा राहिलो, कारण गवत ओले होते. जप संपवून डोळे उघडले तो समोर टाय बांधलेले एक उंच गृहस्थ टोपी हातात धरून उभे! त्यांच्या मागे, ऐनवेळी बरोबर घेतलेली मृणाल, पांढरीफटक. किती वेळ ते तसे उभे होते देव जाणे. माझा जप मध्ये तोडणे त्यांना असभ्य वाटले होते. परधर्मीयाच्या उपासनेचा एवढा मान राखणारा माणूस मी आजही विसरलेलो नाही.

"गुटन टाग," मी म्हणालो. माझे जर्मन तेथे संपले.

प्राध्यापकांनी मान लवविली, पुढे झाले, आणि दार उघडले.

आत निरांजन शांतपणे तेवत होते. नळीला हळदकुंकू लावलेले, तिच्यावर शेवंती टेकविलेली आणि शेजारी खडीसाखरेचा नैवेद्य. पारा एकोणीसवर होता. बाहेर आमच्या तोंडातून वाफ निघत होती.

मृणाल, जी माझ्याशी आयुष्यात आवाज चढवून बोललेली नव्हती, ती अत्यंत हळू आवाजात म्हणाली, "अण्णा... हे कधीपासून?"

"खंडेनवमीपासून," मी म्हणालो. "वारा फार असतो ना, म्हणून आत."

"दर गुरुवारी?"

"आणि एकादशीला. एकादशीला सात." तिचा चेहरा पाहून मी धीर देण्यासाठी म्हणालो, "फळी दर वेळी पुसून ठेवतो हो!"

ती मटकन ओल्या गवतावरच बसली. तेव्हा कोठे माझ्या लक्षात आले. उष्णता मोजणाऱ्या यंत्राखाली मी इतके दिवस अग्नी ठेवीत होतो! उष्णता हा अग्नीचा धर्म, असे आयुष्यभर पोरांना संस्कृतातून शिकविणारा मी! जिच्यासाठी दिवा लावला तिचेच चार वर्षांचे कष्ट त्यावर शेकत होतो. काहीतरी केले पाहिजे म्हणून मी खडीसाखर उचलून प्राध्यापकांपुढे केली. त्यांनी ती दोन्ही हातांनी घेतली आणि विचारमग्न होऊन चघळू लागले.

"तारखा विचारा त्यांना," ते मृणालला म्हणाले. मी खिशातले पंचांग काढून एकादश्या सांगितल्या. प्राध्यापकांनी बॅगेतून आलेख काढला आणि बोटाने एकेक लाट तपासली. "गेनाऊ," म्हणजे अगदी बरोबर, असे ते प्रत्येक लाटेला म्हणाले. "गेनाऊ. गेनाऊ." मग त्यांचे बोट थबकले. "पण मग एकेचाळीस! त्याला हे कसं कळलं? त्यानं ही पेटी पाहिलीय. हा घातपात आहे!"

इतक्यात मागच्या दारातून सौ. चहाचा ट्रे घेऊन आली. तिने सारे पाहिले. उघडे दार, निरांजन, गवतावर बसलेली सून. "काय गं, काय झालं?"

"आई, हे एकेचाळीस कोण ते शोधतायत," मृणाल रडवेल्या आवाजात म्हणाली. "आता फार मोठी गडबड होणार."

सौ.ने ट्रे पेटीच्या पायांशी ठेवला आणि पदराला हात पुसले. "त्यात शोधायचं काय? मीच ती."

माझ्या हातून तबक पडले.

"तुला माणसं कमी पडत होती ना सुरुवातीला," ती मृणालला म्हणाली. "श्रीरंगानं माझं नाव घातलं. म्हटलं, सुनेच्या कामाला तेवढाच हातभार. पण हवेतलं मला काय कळणार? मला यांचं कळतं." तिने माझ्याकडे बोट केले. "हे गुरुवारी पेटीची पूजा करून यायचे, आणि संध्याकाळी आकडा वर! एकादशीला जास्त वाती, जास्त वर! मी म्हटलं, आपल्या माणसाच्या पुण्याईनं ऊन पडतंय. मग दुसऱ्या कुणावर पॉइंट लावू?"

मृणालने हे सगळे जर्मनमध्ये सांगितले. प्राध्यापक खडीसाखर चघळायचे थांबले.

मी सौ.कडे पाहत राहिलो. चाळीस वर्षांच्या संसारात हिने माझ्या अक्षराची, आवाजाची, भाजी आणण्याच्या पद्धतीची एकदाही प्रशंसा केलेली नव्हती. आणि तीच बाई रोज सकाळी परक्या देशातल्या बाजारात बसून, असेल नसेल ते सर्वस्व माझ्या पुण्याईवर लावीत होती!

तेवढ्यात तिचे लक्ष पुन्हा पेटीकडे गेले. ती जवळ गेली. तिने निरांजनाकडे पाहिले, वर नळीकडे पाहिले, हात आत घालून ऊब पाहिली.

"अहो, म्हणजे तुम्ही दिवा आत ठेवत होता?"

"वारा असतो," मी म्हणालो.

"म्हणजे ते तुमचं पुण्य नव्हतं?" सौ. म्हणाली. "माझं तूप होतं?"

प्राध्यापक होल्त्सरना भाषांतराची आवश्यकता भासली नसावी. ते हसू लागले. प्रथम खांद्यांनी, मग सर्वांगाने. हसणे ओसरल्यावर ते मृणालला जे म्हणाले ते तिने मला नंतर सांगितले. "दोन महिने मी, माझं सूत्र आणि ही पेटी, आम्हाला कुणालाच कळलं नाही की या घरात एक माणूस दिवा लावतो. तुमच्या बाजाराला कळलं. एका बाईला माहीत होतं, तिच्यामुळे सगळ्या गावाला कळलं, आणि कुणी कुणाला एक शब्द सांगितला नाही. मी याच्यावर विश्वास ठेवत नव्हतो."

परंतु मृणाल उठून उभी राहिली. "नाही, हेर प्रोफेसोर. दिव्याचे दिवस धरायचे नाहीत. सगळे गुरुवार आणि एकादश्या मी काढून टाकते. उरलेल्यात हरले तर हरले."

या मुलीचा मला त्या क्षणी केवढा अभिमान वाटला, हे मी लिहू शकत नाही. मी दिलेले आयते यश तिने तबकासारखे बाजूला ठेवले. ती वर जाऊन स्वयंपाकघरातल्या टेबलावर हिशेबाला बसली. प्राध्यापक समोर बसले. श्रीरंगही कामावरून येऊन दारात उभा राहिला. मी देवापुढे बसणार होतो.

"तुम्ही काही करू नका," सौ. म्हणाली. "इथं खुर्चीवर बसा. हात मांडीवर."

मी बसलो. संध्याकाळ झाली, फ्राऊ केलरचे सहा वाजून गेले, तरी पेन्सिलीचा आवाज थांबेना. शेवटी मृणालने कागद प्राध्यापकांकडे सरकविला. त्यांनी तो वरपासून खालपर्यंत वाचला, पुन्हा खालून वर वाचला आणि हात पुढे केला. दिवे वगळूनही बाजार सूत्राच्या पुढे होता. थोडासाच, पण पुढे! कँटीनमधल्या बायका, बसचालक आणि दुखणारे गुडघे यांनी मिळून एका प्राध्यापकाला हरविले होते, आणि ते प्राध्यापक स्वतःच त्यांचे अभिनंदन करीत होते. हा देश मला तेव्हापासून पूज्य वाटतो. मृणाल सौ.च्या गळ्यात पडून रडली. मग, थोडा विचार करून, ती माझ्याही पाया पडली.

पेटीला दुसऱ्या दिवशी कुलूप लागले. किल्ली फ्राऊ केलरच्या गळ्यात. सौ.ने मात्र खेळत राहावे, अशी प्राध्यापकांनी विनंती केली. तिच्यावाचून बाजार सुना वाटेल, असे त्यांचे म्हणणे होते.

पुढचा गुरुवार आला. संकल्प पूर्ण झाला होता, तरी पण माझ्या मनात एक शल्य होतेच. ते केवळ तूप होते का? माझे अगदी काहीच नव्हते का? सकाळी सौ. संगणकापाशी बसली तेव्हा मी जवळ जाऊन गंभीरपणे म्हणालो, "आज दिवा नाही. आज मी कुलपाबाहेर उभा राहून केवळ जप करणार आहे. निव्वळ उपासना. तू वरच्या आकड्यावर लाव."

तिने चष्म्यावरून माझ्याकडे बराच वेळ पाहिले. "बरं," म्हणाली.

मी बागेत जाऊन जप केला. इतक्या कळकळीने मी पूर्वी कधी केला नव्हता. जप चालू असतानाच बर्फ पडू लागला. संध्याकाळी फ्राऊ केलरने आकडा सांगितला, शून्य. आणि त्या दिवशीच्या खेळाडूंत पहिला आला क्रमांक एकेचाळीस! आमच्या सौ.ने सारे पॉइंट बर्फावर लावले होते.

"सारे?" मी खिन्नपणे विचारले.

"सारे कसे?" ती म्हणाली. "एक ठेवला होता हो वरच्या आकड्यावर. म्हटलं, गुरुवार आहे."

सत्तर वर्षांच्या माझ्या पुण्याईचा खुल्या बाजारातला भाव अशा रीतीने एक पॉइंट ठरला. तो पॉइंटही बुडाला. परंतु तो लावणारी बाई त्या बाजारात कधी चुकलेली नव्हती, आणि माझ्यासाठी तिने जाणूनबुजून केलेली ती एकमेव चूक होती, एवढ्या आधारावर मी आजही गुरुवार करतो. तूप ती मोजून देते.